झाडं-झुडपं नव्हती तेव्हा नद्या कशा वाहायच्या?

जमिनीवर वनस्पती येण्याआधी नद्या आजच्यासारख्याच होत्या का, असं तुम्ही विचारलंय. पाणी तेच, उतारही तेच; पण काठ धरून ठेवायला मुळं नव्हती आणि पाऊस अडवायला पालापाचोळा नव्हता. सर आली की पाणी थेट पात्रात, आणि काठ ढासळायला वेळ लागत नसे.

हा काळ थोडाथोडका नव्हे. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि मुळं रोवून उभे राहणारे वृक्ष आले ३८-३९ कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीची अब्जावधी वर्षं नद्या उघड्याबोडक्या जमिनीवरूनच वाहिल्या.

पुरावा बघायचा तर वायव्य स्कॉटलंडमधले टोरिडॉनचे डोंगर घ्या. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी टाकलेल्या वाळूचे तांबूस थर तिथे काही किलोमीटर जाडीचे आहेत. जवळून पाहिलं तर भरड वाळू, फेल्डस्पार या खनिजाचे गुलाबी कण, मधूनच गोटे, आणि प्रवाहाची दिशा दाखवणारे तिरपे थर. चिखलाचे थर मात्र अगदी तुरळक. (बदामीची लेणी कोरलीत तो वालुकाश्मही वनस्पतींच्या आधीचाच. लेण्यांत मूर्तींइतकंच भिंतींवरच्या तिरप्या रेषांकडेही बघा.)

चिखल गेला कुठे? बराचसा वाहून समुद्रात. मुळं-खोडं असली की पुराचं पाणी मंदावतं, गाळ काठावर बसतो. शिवाय मुळांमुळे खडकाची चिकणमाती होण्यालाही वेग येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या ७००हून अधिक नदीगाळाच्या खडकांची तुलना केली होती. वनस्पती आल्यावर त्यातलं चिखलाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं.

यावरून बरीच वर्षं शिकवलं जायचं की तेव्हाच्या सगळ्या नद्या रुंद, उथळ आणि ब्रह्मपुत्रेसारख्या अनेक फाट्यांच्या होत्या. नागमोडी नदी ही झाडांची देणगी. मला हे निम्मंच पटतं. काठ चिवट हवा हे खरं, पण चिवटपणा नुसत्या चिकणमातीनेही येतो. मंगळावर झाडांचा मागमूस नाही, तरी जुन्या नागमोडी पात्रांच्या खुणा आहेत. नेवाडाच्या वाळवंटात आजही जवळजवळ झाडांशिवाय वळणं घेणारे प्रवाह आहेत. फरक वेगाचा आहे: पात्राची रुंदी सारखी धरली तर अशी वळणं झाडीतल्या वळणांपेक्षा सुमारे दहापट वेगाने सरकतात.

आणि सरकतात तीही वेगळ्या दिशेने. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून हजारो वळणं तपासली. झाडीतलं वळण बाजूला फुगत जातं, उघड्या जमिनीवरचं प्रवाहाच्या खालच्या अंगाला सरकतं. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या नदीने टाकलेली वाळू फाट्यांच्या नदीने टाकल्यासारखी दिसू शकते. म्हणजे ‘अनेक फाट्यांची’ असा शिक्का बसलेल्या जुन्या नद्यांपैकी काही प्रत्यक्षात नागमोडीही असतील.