चुना घालूनही क्रोमचं पाणी पिवळं का राहतं?

तुम्ही विचारलंय की क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात चुना घालून पीएच ९ वर नेला, गाळही बसला, तरी वरचं पाणी पिवळं आहे आणि चाचणीत क्रोम येतोय. मग चुना वाढवावा का?

नका वाढवू. तो पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमचा, म्हणजे क्रोमच्या पाण्यात विरघळून राहणाऱ्या विषारी रूपाचा आहे आणि तो चुन्याने काय, कॉस्टिक सोड्यानेही खाली बसत नाही. आधी त्याचा ट्रायव्हॅलंट, म्हणजे गाळ होऊन बसू शकणारा क्रोम करायचा, चुना नंतर.

सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ ते २.५ वर आणा आणि ढवळणी चालू ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, हे बदल तीच पावडर करते. हिशेबाने १ किलो हेक्साव्हॅलंट क्रोमला सुमारे २.७५ किलो लागतं, प्रत्यक्षात ३ ते ४ किलो धरा. म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम क्रोम असलेल्या १,००० लिटर पाण्याला ३०० ते ४०० ग्रॅम. अहवालातला आकडा क्रोमिक ॲसिडचा असेल तर त्यात क्रोम ५२ टक्केच, हे आधी बघा.

चूक बहुतेक वेळा पीएचमध्ये होते. ही क्रिया स्वतःच ॲसिड खाते, त्यामुळे पीएच हळूहळू वर सरकतो. तो ४-५ झाला की काम जवळपास थांबतं. मग ऑपरेटर पिवळं पाणी बघून आणखी मेटाबायसल्फाइट ओततो आणि नंतर ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइडचा भपका उठतो. म्हणून पीएच मीटर टाकीतच ठेवा, अर्धा तास पीएच धरून ठेवा आणि टाकीवर एक्झॉस्ट हवाच. पाणी हिरवट दिसलं तरी डोळ्यांवर विसंबू नका, हिरव्यात थोडा पिवळा लपतो. नमुन्यात डायफिनाइल कार्बाझाइड हे चाचणीचं रसायन घाला. जांभळट-गुलाबी रंग आला तर हेक्साव्हॅलंट क्रोम शिल्लक आहे.

त्यानंतर चुना किंवा कॉस्टिकने पीएच ८ ते ८.५. खूप वर नेलात तर बसलेला क्रोम पुन्हा विरघळू लागतो. निकेल प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल बसायला मात्र १० च्या आसपास पीएच लागतो, त्यामुळे ते पाणी वेगळं चालवलेलं बरं. फिल्टर प्रेसमध्ये (गाळ दाबून पाणी काढायच्या यंत्रात) जमलेला गाळ घातक कचरा म्हणूनच जाईल, भंगारात किंवा भरावात नाही.

सायनाइड वापरणाऱ्या प्लेटिंग लाइनचं पाणी या टाकीत चुकूनही येऊ देऊ नका. ॲसिडमध्ये त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो, माणूस जागेवर दगावतो. पाइप आणि सांडपाणी जमा होणारे खड्डेसुद्धा वेगळे हवेत. सायनाइड मोडून झालेल्या पाण्यातही ते मोडायला घातलेलं हायपोक्लोराइट उरलेलं असू शकतं. ते ट्रायव्हॅलंट क्रोमला पुन्हा हेक्साव्हॅलंट करू शकतं.

आत्ता टाकीत आहे त्याचं काय? वरचं पिवळं पाणी पंपाने वेगळ्या टाकीत घ्या आणि तिथे ॲसिड घाला. गाळासकट घातलंत तर बरंचसं ॲसिड उरलेला चुनाच खाईल आणि बसलेले धातू परत पाण्यात येतील.