अमेरिकेतला पहिला टॅक्स रिटर्न आणि मुलांचं क्रेडिट

सगळ्यात आधी मुलांचे नंबर बघा. तुमची धाकटी इथे जन्मली, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे. तिच्यासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्सच्या रकमेतून थेट वजावट मिळेल, २०२५ सालासाठी २,२०० डॉलरपर्यंत. पुण्याहून एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्या थोरल्याकडे तो नंबर नाही, म्हणून हे क्रेडिटही नाही. पण त्याला रिटर्नमधून वगळू नका! आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा टॅक्स नंबर) काढलात आणि टॅक्सच्या नियमांनी तो रहिवासी ठरला, तर त्याच्यासाठी वेगळं ५०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट आहे. आयटीआयएनसाठीचा डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नसोबत, मुदतीच्या आत पाठवा. मूळ पासपोर्ट पोस्टात टाकायला जीव धजत नाही, माझाही धजला नव्हता. टॅक्स खात्याने मान्य केलेला सर्टिफाइंग एजंट गाठा, तो मुलाचा पासपोर्ट तपासून तुम्हाला परत देतो.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी वयाचं सोपं आहे: ३१ डिसेंबरला मूल १७ वर्षांच्या आत हवं. अर्ध्याहून जास्त वर्ष ते तुमच्याकडे राहिलेलं हवं. सुट्टीत आजीकडे गेलेले दिवस त्यातून वजा होत नाहीत.

दोघंही नोकरी करत असाल तर डेकेअरच्या खर्चाचं क्रेडिट निराळं. त्यासाठी डेकेअरचा टॅक्स नंबर आत्ताच मागून ठेवा.