पंप उघडण्याआधी गेज लावा : हायड्रॉलिकविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अंबड) : आमच्या 60 टनी प्रेसच्या पॉवर पॅकवर (टाकी, मोटर आणि पंपाचा संच) 10 एचपी मोटर आणि मिनिटाला 25 लिटरचा गिअर पंप आहे. थंडी पडल्यापासून सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं पंप कर्कश ओरडतो, मग शांत होतो. टाकीत 68 नंबरचं ऑइल आहे. मेकॅनिक म्हणतो, पंप गेला. नवा घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. झिजलेला गिअर पंप ऑइल गरम झाल्यावर जास्त रडवतो, कारण पातळ झालेलं ऑइल फटींतून मागे पळतं आणि प्रेशर पडतं. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. गारठ्यात ओरडतो आणि तापल्यावर गप्प होतो, म्हणजे पंपाला ऑइल ओढायला त्रास होतोय. 68 नंबर याचा अर्थ 40 अंशांना 68 सेंटिस्टोक; सेंटिस्टोक हे ऑइलच्या घट्टपणाचं माप. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी टाकी 10 अंशांवर असली, तर तेच ऑइल तीनशे सेंटिस्टोकच्या वर जातं, अगदी काकवीसारखं होतं. ते वेळेत पोचत नाही, पंपाच्या तोंडाशी पोकळी होते आणि त्यातले बुडबुडे प्रेशरच्या बाजूला फुटताना धातूचे कण उपटून नेतात. आवाज दहाच मिनिटांचा असला, तरी नुकसान रोज होतंय.

आधी सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या बाजूची गाळणी, काढून उजेडासमोर धरा. जाळी साधारण 125 ते 149 मायक्रॉनची असते. तिच्यावर धातूच्या चुऱ्यापेक्षा कापसाच्या वेस्टचे तंतूच जास्त सापडतात, ओल्या लोकरीसारखे गुंडाळलेले. टाकी वेस्टने पुसली की हे ठरलेलं. टाकीसाठी तंतू न सोडणारं कापडच वापरा. सक्शनचा रबरी होज जुना असेल तर तोही बदला. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतलं अस्तर सुटून व्हॅक्यूमने आत ओढलं जातं आणि वाट बुजते. टाकीच्या झाकणावरचा ब्रीदर (हवा ये-जा करण्याची वाट) धुळीने बंद झालाय का, तेही बघा.

मग पंपाच्या सक्शन पोर्टजवळ टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्यूम गेज लावा. ऑइल कामाच्या तापमानाला आल्यावर काटा 5 इंच पाऱ्याच्या, म्हणजे सुमारे 125 मिलिमीटरच्या आत हवा. स्ट्रेनर साफ असूनही तो पुढे जात असेल, तर सक्शनचा पाइप बारीक पडतोय किंवा त्यात बेंड जास्त आहेत. काटा ठीक आणि आवाज तसाच असेल, तर हवा शिरत असेल. दोन्ही आवाज कानाला वेगळे कळतात. ऑइल कमी पडलं तर एकसुरी, उंच पट्टीतली शिट्टी येते. हवा शिरली तर डब्यात खडे हलवल्यासारखा तुटक खडखडाट होतो आणि टाकीत फेस दिसतो. पंप चालू ठेवून ऑइलच्या कॅनने सक्शनच्या एकेका जॉइंटवर आणि शाफ्ट सीलवर थोडं ऑइल सोडा. जिथे सोडल्यावर आवाज क्षणभर उतरतो, तिथे गळती आहे. रिटर्नचा पाइप ऑइलच्या पातळीखाली सुटतोय ना, हेही तपासा.

उन्हाळ्यातही टाकीचं तापमान 55 अंशांच्या आत राहत असेल, तर 46 नंबरवर या. 60 च्या वर जात असेल, तर 68 च ठेवा. मग थंडीत मोटर दोन-तीनदा क्षणभर चालू-बंद करा आणि त्यानंतर दहा मिनिटं प्रेशर न देता फिरू द्या. नव्या बॅरलचं ऑइलही 10 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच भरा. सीलबंद बॅरलमधलं ऑइल स्वच्छ असतं, हा समज चुकीचा आहे.

प्रश्न (सातपूर) : मोल्डिंग मशीनच्या पिस्टन पंपाचं शाफ्ट सील तीन महिन्यांत तीनदा बदललं. चांगल्या कंपनीचं बसवूनही गळतं.

उत्तर : सीलला दोष देण्याआधी केस ड्रेनच्या, म्हणजे पंपाच्या केसमध्ये झिरपलेलं ऑइल टाकीत परत नेणाऱ्या, लाइनवर टी टाकून 10 बारचं लहान गेज लावा. साध्या शाफ्ट सीलला केसमध्ये 1 बारच्या आसपास प्रेशर सोसतं. जास्त झालं की सीलचा ओठ (रबरी कड) शाफ्टवर दाबला जातो, जळतो किंवा उलटतो. हे प्रेशर बहुतेक वेळा जोडणीच्या चुकीने चढतं. कुणीतरी ड्रेन मुख्य रिटर्नला जोडून फिल्टरमधून फिरवलेला असतो. ड्रेनला स्वतःची लाइन द्या, पोर्टच्या मापाची, थेट टाकीत आणि ऑइलच्या पातळीखाली.

लाइन बरोबर असूनही गेज चढत असेल, तर पंप आतून झिजलाय. ड्रेनचा होज मोजमापाच्या बादलीत सोडा आणि गरम ऑइलवर, पूर्ण प्रेशरला, पंप ऑइल देत असताना एक मिनिट मोजा. ड्रेनचं तोंड मात्र कधीही बंद करू नका, नाहीतर सील उडेल किंवा केस फुटेल. मिनिटाला 100 लिटरच्या पंपातून 1 ते 3 लिटर येत असेल तर तब्येत चांगली. 10 च्या घरात गेलं तर ओव्हरहॉल करावंच लागेल. बादलीतलं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन टॉर्च मारा. पितळी चमक दिसली, तर पिस्टनचे स्लिपर (टोकाचे सरकते बूट) खाल्ले जाताहेत. अशा वेळी सील बदलून भागत नाही, आणि पंप चालू ठेवला तर तो कचरा व्हॉल्व्हमध्ये जातो.

सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. घळ नखाला लागली तर नवं सील त्याच जागी टिकणार नाही. जागा असेल तर ते दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवा, नसेल तर शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) चढवा. पंप आणि मोटर जोडणारं कपलिंग एका रेषेत आहे का, ते डायल गेजने तपासा आणि फरक 0.1 मिलिमीटरच्या आत आणा. कपलिंग हातोडीने ठोकून चढवू नका, कारण तो मार आतल्या बेअरिंगला आणि स्लिपरना बसतो. सुरू करण्याआधी वरच्या ड्रेन पोर्टमधून केस ऑइलने भरा. कोरडा सुरू केलेला पिस्टन पंप मिनिटभरात खराब होऊ शकतो.

प्रश्न (निफाड) : ट्रॉली उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या गिअर पंपाला गावातच सीलचं किट टाकलं. आता ट्रॉली उचलतच नाही आणि शाफ्ट सील बाहेर आलं.

उत्तर : सील बाहेर आलं यातच उत्तर आहे. एका दिशेच्या पंपात शाफ्ट सीलमागची जागा सक्शनला जोडलेली असते. जोडताना गिअर किंवा बॉडी उलटसुलट झाली, तर पूर्ण प्रेशर सीलवर येतं. पंप परत खोला. यापुढे खोलण्याआधी झाकण, बॉडी आणि बुशवर (गिअरचा शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग) तिरकी रेघ ओढून ठेवा. बुशमागचं 3 च्या आकाराचं सील प्रेशरची आणि सक्शनची बाजू वेगळी करतं. ते उलटं बसलं तर पहिल्याच लोडला फाटतं.

बॉडीच्या आत सक्शनच्या बाजूला गिअरने कापलेला पट्टा दिसेल. प्रेशर गिअरना तिकडे ढकलतं, त्यामुळे थोडा पट्टा नव्या पंपातही पडतो. तो 0.1 मिलिमीटरहून खोल असेल तर किटचे पैसे वाया जातील, बॉडीच बदला. बुशच्या तोंडावर पॉलिश पेपर घासू नका. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. त्यानंतर शाफ्ट जडपणे पण अडखळण्याविना फिरला पाहिजे. सक्शनमध्ये ऑइल ओता, ट्रॅक्टर पाच मिनिटं स्लोवर चालवा आणि मग थोडा थोडा लोड द्या.

प्रश्न (सिन्नर) : कन्व्हेयरची ऑर्बिट मोटर (ऑइलच्या प्रेशरवर फिरणारी) दुपारी मंदावते. मोटर बदलू का?

उत्तर : आधी तापमापी घेऊन रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की ऑइल टाकीत सोडणारा) तपासा. तो टाकीपेक्षा बराच गरम असेल, तर ऑइल तिथूनच पळतंय. मिनिटाला 20 लिटर 100 बारला रिलीफमधून गेलं, तर 20 गुणिले 100 भागिले 600, म्हणजे 3.3 किलोवॉटचा हीटर टाकीत सोडल्यासारखं होतं. रिलीफ थंड असेल, तर मोटरचा ड्रेन बादलीत मोजा; फार ऑइल येत असेल, तरच मोटर आतून झिजलीय असं समजा.

प्रश्न (नाशिकरोड) : होजची बारीक गळती दिसत नाही, पण हात फिरवला की कळते. हे चालेल का?

उत्तर : कधीही नाही, हातमोजा घालूनही नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेलं ऑइल कातडीतून आत घुसतं. मशीन बंद करा, प्रेशर उतरवा आणि होज बदला. शोधायचंच असेल, तर लांबून पुठ्ठा धरा. कुणाला लागलं, तर जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसेल आणि पहिले काही तास दुखणारही नाही. तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. डॉक्टरांना "प्रेशरचं हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. ऑइलचं नाव आणि लाइनचं प्रेशर कागदावर लिहून सोबत द्या.