जुन्या तेलक्षेत्रावरची स्टेशनं एकत्र केली तर खरंच पैसे वाचतात का?

वाचतात. (गॅदरिंग स्टेशन म्हणजे आसपासच्या विहिरींचं तेल, पाणी, गॅस जिथं गोळा करून वेगळं करतात ती जागा.) पण तुमच्या प्रश्नातलं "उत्पादन निम्म्यावर आलंय, मग चार गॅदरिंग स्टेशनं कशाला पोसायची" हे वाक्य वाचलं आणि डोक्यात जुनी कळ उठली.

आखातातलं म्हातारं फील्ड, कंपनीचं नाव नको. लांबचं स्टेशन बंद करायचं आणि तिथल्या विहिरींचं तेल, पाणी, गॅस सगळं तसंच जुन्या पाइपातून आठ किलोमीटरवरच्या मोठ्या स्टेशनात आणायचं, असं ठरलं. साहेबांची स्लाइड एकच: तेल निम्मं, म्हणजे सेपरेटर (तेल, पाणी, गॅस वेगळं करणाऱ्या टाक्या) निम्मे रिकामे. अहो, तेल निम्मं झालं, पाणी कुठं झालं? वॉटर कट, म्हणजे उपसलेल्या द्रवातला पाण्याचा वाटा, ८० टक्के असताना बॅरलभर तेलासाठी पाच बॅरल द्रव उपसावा लागतो, ९० टक्क्यांना दहा. मी फळ्यावर मांडून दाखवलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला त्या स्टेशनचा लळा लागलाय."

पुढे काय, विहिरींवरचं बॅक प्रेशर, म्हणजे पाइपातून विहिरीच्या तोंडावर उलटा येणारा दाब, चौरस सेंटिमीटरला चार किलोवरून नऊवर गेलं. गॅस लिफ्टवर (विहिरीत गॅस सोडून तेल वर उचलायची पद्धत) कशाबशा चालणाऱ्या सहा विहिरी महिन्याभरात गप्प. पाइपाच्या खोलगट भागात साचलेलं पाणी मध्येच लोंढ्यानं यायचं, सेपरेटरची लेव्हल उसळायची आणि ट्रिप, म्हणजे यंत्रणा आपोआप बंद. तेही हमखास रात्री अडीचला. शेवटी बंद स्टेशनातला एक सेपरेटर पुन्हा चालू केला, पाणी तिथंच काढून तिथल्याच इंजेक्शन विहिरींत (पाणी परत जमिनीखाली सोडायच्या) सोडलं. मीटिंगमध्ये मी नेमकं हेच मागत होतो. अहवालात त्याचं नाव पडलं 'ऑप्टिमायझेशन, टप्पा दोन'. माझं नाव अर्थातच कुठं नाही.

तुमच्या खर्चाचं म्हणाल तर खरा पैसा गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये आहे. गॅस घटला की मशीन सर्जमध्ये जाऊ नये (म्हणजे आतला गॅस उलटा फिरून ते हादरू नये) म्हणून तोच गॅस गोल फिरवत बसावं लागतं, इंधन मात्र जळतंच. दोन अर्धपोटी मशीनपेक्षा एक पोटभर चालवा. वर एक फ्लेअर (जास्तीचा गॅस जाळायची मशाल) आणि एक शिफ्ट वाचते. म्हणजे गॅस एकत्र करा, पाणी जिथल्या तिथं काढा.

हां, विहिरींत ईएसपी पंप (विहिरीत खोल बसवलेले विजेचे पंप) असतील तर थोडं जास्त बॅक प्रेशर ते रेटून नेतात, माझं रडगाणं तिथं तितकं लागू नाही. आणि मुंबई हायसारखं किनाऱ्यापासून १६० किलोमीटर समुद्रात असाल तर जागा, वजन, हेलिकॉप्टर, सगळंच गणित वेगळं.

कन्सल्टंट फक्त तेलाचा आलेख दाखवत असेल तर पुढच्या दहा वर्षांचा एकूण द्रवाचा आलेख मागा, लेखी मागा. मी तोंडी मागितला होता.