शरदात त्याच बास्क खेड्यात पुन्हा जावं की नवं गाव धरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात फ्रान्सच्या नैऋत्येला, स्पेनला लागून असलेल्या बास्क भागातल्या सारा या खेड्यात दोन दिवस राहिला होतात, गाव आवडलं. आता ऑक्टोबरअखेरीस आठवड्याची सुट्टी आहे. तर पुन्हा तिथेच जावं की ‘बघितलेलं काय परत बघायचं’ म्हणून दुसरं गाव शोधावं?

पुन्हा तिथेच जा. मी बोर्दोत राहते आणि साराचे पाच शरद माझ्या खात्यावर जमा आहेत, तेव्हा माझं उत्तर एकतर्फी आहे हे आधीच कबूल करते.

पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखीच उन्हाळ्यात गेले होते. लार्रून डोंगरावर जाणाऱ्या छोट्या आगगाडीच्या रांगेत उभी राहिले, गुहा पाहिल्या, बास्क केकचं म्युझियम पाहिलं, शेजारच्या दोन गावांना धावती भेट दिली आणि पाय सुजवून घरी आले. गावात नुसती बसले अशी एक दुपार काही आठवेना. दुसऱ्या वेळी ऑक्टोबरात गेले, तर पावसाने तीन दिवस घरात कोंडून घातलं. माझं आणि साराचं खरं जमलं ते तेव्हा. निघताना छत्री खोलीवर विसरले. पुढच्या वर्षी घरमालकीणबाईंनी दार उघडलं आणि ‘या’ म्हणायच्या आधी दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवलं. छत्री तिथेच होती. आता मी ती मुद्दाम तिथेच ठेवून येते.

तुम्ही पाहिलेला हिरवागार डोंगर शरदात ओळखू येणार नाही. तो तांबूस होतो ते झाडांच्या पानांमुळे कमी आणि नेच्यामुळे जास्त. उतारावर सगळीकडे वाढलेला नेचा गंजासारखा होतो, मग तो कापून गोठ्यात गुरांखाली अंथरतात. पूर्वी उभ्या खांबाभोवती त्याच्या गंज्या रचत, अजूनही कुठे कुठे दिसतात. आपल्या पेंढ्याच्या उडव्याच जणू, फक्त जास्त उंच आणि निमुळत्या. त्यात दक्षिणेचा वारा सुटला तर ऑक्टोबरअखेरीसही बिनास्वेटरचं फिरता येतं. डोंगर ओलांडून येणारा हा वारा कोरडा आणि उबदार असतो, हवा इतकी स्वच्छ होते की लार्रून हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. बाई मात्र अशा दिवशी कुरकुरतात. या वाऱ्याने डोकं फिरतं म्हणे. दोन दिवसांत पाऊस येणार हेही त्या तेव्हाच सांगून टाकतात, आणि बहुतेक वेळा येतो.

याच दिवसांत रानकबुतरांचे थवे उत्तरेकडून पिरेनीज पर्वत ओलांडून खाली जातात. साराच्या वर, स्पेनच्या हद्दीला लागून लिसारिएताची खिंड आहे. तिथे आणि पलीकडच्या एचालारला ही कबुतरं जाळ्यात धरायची जुनी पद्धत अजून चालू आहे. टेहळणीवरची माणसं आरोळ्या ठोकतात, पांढरी फडकी हलवतात, आणि थवा आला की उंच मचाणावरून पांढऱ्या लाकडी फळ्या हवेत भिरकावतात. कबुतरांना वाटतं ससाणा झडप घालतोय. ती एकदम खाली सूर मारतात आणि झाडांमध्ये टांगलेल्या जाळ्यात जातात. मी चिकन खाते, त्यामुळे नाक मुरडायचा मला अधिकार नाही, तरी जाळं पडताना मी दुसरीकडे बघते. आरोळ्या मात्र ऐकण्यासारख्या असतात, पार खालच्या वाटेपर्यंत येतात. बघायला गेलात तर लांब उभे राहा आणि बोलू नका.

आता चर्चबद्दल. मागच्या वेळी तुम्ही आत डोकावून आला असाल, या खेपेला तासभर बसा. भिंतीला लागून लाकडी सज्जांचे तीन मजले आहेत. पूर्वी पुरुष वर बसत, बायका खाली. मनोऱ्यावर बास्क भाषेत कोरलंय की प्रत्येक तास माणसाला घाव घालतो आणि शेवटचा त्याला थडग्यात धाडतो. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे वाचायला लावणं जरा जास्तच! पण खरी गंमत पुढे आहे. या चर्चचा धर्मगुरू होता पेद्रो आशुलार. त्याचं ‘गेरो’ हे पुस्तक १६४३ मध्ये आमच्या बोर्दोत छापलं गेलं आणि बास्क गद्यात आजही त्याला मानाचं पान आहे. गेरो म्हणजे ‘नंतर’. पश्चात्ताप, सुधारणा, सगळं ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या माणसाला त्याने पुस्तकभर फैलावर घेतलंय. पुढच्याच वर्षी तो वारला आणि पुरलाही याच चर्चमध्ये गेला. मी दरवर्षी तिथे बसून ऑफिसच्या मेलना उत्तर देणं पुढे ढकलते.

आशुलार हे त्याचं आडनाव नव्हे, डोंगरापलीकडच्या उर्दाक्समधल्या त्याच्या घराचं नाव. इथे घराला नाव असतं आणि माणूस त्या घराचा असतो. बास्क आडनावंही बरीचशी घरांवरूनच आलीत: एचेबेरिया म्हणजे नवं घर. आपण गावाला ‘कर’ लावतो तसंच म्हणा, पण आपण गाव सोडल्यावर ‘कर’ झालो आणि हे लोक घरात राहून. दारावरच्या दगडी पट्टीवर नाव, साल कोरलेलं दिसतं. मागच्या खेपेला तुम्ही पांढऱ्या भिंती आणि लाल लाकडाचे फोटो काढले असतील, आता त्या पट्ट्या वाचत एक फेरी मारा.

बाकी तिथे काय करायचं? फारसं काही नाही. सकाळी पाव आणायचा, ‘एगुन ओन’, म्हणजे बास्कमध्ये सुप्रभात, म्हणायचं. तिसऱ्या दिवशी पाववाली न विचारता तुमचा पाव पुढे करते. दुपारी वाटेवर चेस्टनट वेचा, पण कुंपणाआतले नको, ते कुणाचे तरी असतात. गुहेपासून सुगारामुर्दीपर्यंत पायवाट जाते, म्हणजे स्पेनमध्ये चालत जाऊन कॉफी पिऊन परत येता येतं. त्या गावावर चेटकिणींचा ठपका होता. १६१० मध्ये लोग्रोन्योच्या धर्मन्यायालयाने सहा जणांना जिवंत जाळलं, आधीच मेलेल्या पाच जणांच्या प्रतिमा जाळल्या. आज तिथल्या दुकानांत झाडूवर बसलेल्या बाहुल्या मिळतात. मी विकत घेत नाही.

मिरच्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जवळच्या एस्पेलेता गावाला मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जाऊ नका. घरांच्या दर्शनी भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात, ते दृश्य सुंदरच, पण त्या दोन दिवसांत मिरचीचा उत्सव असतो आणि मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी जा. मिरचीपूड घ्या, तिखट समजून घेऊ नका. आपल्याकडच्या लहान मुलालाही ती लागणार नाही, पण वास फार छान.

व्यवहाराचं: बोर्दोहून सें-जां-द-लूझला रेल्वेने दोन-सव्वादोन तास, पुढे सारा चौदा-पंधरा किलोमीटर. बस आहे, पण निघायच्या आधी वेळा बघा, रविवारी ती नाहीच असं धरून चाला. त्या पंधरवड्यात फ्रान्समध्ये शाळांना सुट्टी असते, म्हणून लार्रूनच्या गाडीला गर्दी होते. ती १९२४ पासून धावतेय आणि ९०५ मीटरवर पोचायला पस्तीस मिनिटं घेते. मागच्या खेपेला बसला असाल, तर यंदा सोडा. शाकाहारी असाल तर मेंढीच्या दुधाचं चीज आणि काळ्या चेरीचा मुरांबा यांवर एक जेवण सहज निघतं. अंडं चालत असेल तर पिपेराद (मिरच्या-टोमॅटो घातलेली अंडी) किंवा रानअळंब्यांचं ऑम्लेट मागा. शक्यतो १ नोव्हेंबरपर्यंत थांबा. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. चर्चभोवती जुने, चकतीसारखे गोल माथ्याचे दगड आहेत, त्यांच्यामधून आज्या घमेली आणि पाण्याच्या झाऱ्या घेऊन फिरत असतात आणि गप्पा अखंड चालू असतात.

खोली मागच्याच घरी मिळते का ते विचारा. फोनवर ‘आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो होतो’ एवढं सांगितलंत तरी पुरे. बाई लोकांना नावाने नाही, खोलीवरून आणि विसरलेल्या वस्तूंवरून ओळखतात.