जनुकीय तपासणी: निकाल हातात आल्यावर पुढे काय?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. आत्येला आणि नंतर आत्येबहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी आपण पाहिलेली, लाळेच्या नमुन्यावरून शेकडो जनुके तपासणारी चाचणी करून घ्यावी का, ही पहिली. आणि अशा तपासण्या एकंदरीत हिताच्या आहेत की त्यांतून भेदभाव आणि भीतीच वाढते, ही दुसरी; विमा आणि माहितीची सुरक्षितता यांविषयीची भीतीही आपण त्यात बोलून दाखवली आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातूनच निघते. माझे मत आधीच सांगून टाकतो. जनुकीय तपासणीचा फायदा किंवा तोटा प्रयोगशाळेत ठरत नाही. निकाल हातात आल्यावर काय करता येते आणि तो निकाल आणखी कोणाकोणापर्यंत पोहोचतो, यावर तो ठरतो.

फायद्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण नवजात बालकांच्या तपासणीचे आहे. फिनाइलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकारात फिनाइलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल शरीरात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. नॉर्वेचे आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी हा विकार 1934 मध्ये ओळखला आणि 1950 च्या दशकात त्यावर आहाराचा उपाय सापडला. परंतु लक्षणे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर करता येईल अशी स्वस्त चाचणी तयार केली. पहिल्या काही आठवड्यांतच आहार बदलला तर ते मूल जवळपास इतरांसारखे वाढते, न बदलल्यास तीव्र बौद्धिक अपंगत्व येते. (काटेकोरपणे पाहता ही चाचणी जनुकाची नसून रक्तातल्या घटकाची आहे, पण ती शोधते तो दोष जनुकीयच.) अलीकडे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजारातही तसेच घडले आहे. 2016 मध्ये त्यावरचे पहिले औषध मान्य झाले आणि लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू केलेल्या बालकांमध्ये जो फरक दिसला, तो उशिरा उपचार मिळालेल्या बालकांमध्ये दिसत नाही. अशा ठिकाणी तपासणी न करणे हाच नैतिक प्रश्न होऊन बसतो.

पण याच टिपकागदावर उद्या आणखी शंभर आजार तपासता येतात म्हणून ते तपासावेत का? न्यूयॉर्क राज्याने 2006 मध्ये क्रॅबे या मज्जासंस्थेच्या दुर्मीळ आजाराची तपासणी सर्व नवजात बालकांसाठी सुरू केली. त्यावरचा उपचार म्हणजे नाळेतील रक्तपेशींचे प्रत्यारोपण, आणि त्यात बाळ दगावण्याचा धोका असतो. शिवाय तपासणीत ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्यांतील अनेक बालकांना आजार होणार की नाही, आणि झालाच तर कोणत्या वयात, हे सांगता येत नाही. ही मुले आजारी नसतात, पण त्यांच्या आईवडिलांना त्यांना निरोगीही म्हणता येत नाही. प्रत्येक रडण्यात आणि प्रत्येक उशिरा टाकलेल्या पावलात ते आजाराची खूण शोधत राहतात.

यामागचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा एखादा आजार दहा हजारांत एका बाळाला होतो, चाचणी एकही खरा रुग्ण निसटू देत नाही आणि निरोगी बाळांपैकी हजारात केवळ एकाला चुकून दोषी ठरवते. एक लाख बाळांत खरे रुग्ण 10 निघतील आणि चुकून दोषी ठरलेली सुमारे 100. म्हणजे ज्या 110 घरी फोन जाईल, त्यांतल्या अकरापैकी दहा घरांत बाळ निरोगीच असेल. चाचणी वाईट आहे म्हणून हे होत नाही. आजार दुर्मीळ आहे म्हणून होते. त्यामुळे चाळणी चाचणीचा निकाल हे निदान समजू नये, पक्क्या निदानासाठी दुसरी चाचणी लागतेच. गर्भवतीच्या रक्तातून गर्भाची गुणसूत्रे पाहणाऱ्या चाचणीलाही हेच लागू पडते. तिच्या एकट्या निकालावर विसंबून गर्भपाताचा निर्णय कोणीही घेऊ नये, गर्भजल परीक्षण किंवा तत्सम निदान चाचणी करूनच पुढचा विचार करावा.

वाहकांच्या, म्हणजे दोषयुक्त जनुकाची एकच प्रत असलेल्या निरोगी माणसांच्या, तपासणीचा इतिहास मला सर्वांत बोधक वाटतो, कारण तेथे जवळजवळ एकाच प्रकारच्या विज्ञानातून अगदी वेगवेगळे परिणाम निघाले. सायप्रसमध्ये सुमारे सातांतील एक व्यक्ती बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि आजारी मुलाला आयुष्यभर रक्त चढवावे लागते. 1970 च्या दशकात तेथे तपासणी, समुपदेशन आणि गर्भनिदान असा कार्यक्रम उभा राहिला, पुढे चर्चनेही विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, आणि आजारी बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो, तपासणी व समुपदेशन झाले एवढेच लिहिलेले असते. ही बाब लहान दिसते, पण तिच्यामुळे निर्णय त्या दोघांच्या हातात राहतो. अमेरिका व कॅनडातील ज्यू समाजात 1971 पासून टे-सॅक्स या बालपणीच मेंदू निकामी करणाऱ्या आजारासाठी असेच स्वेच्छेचे कार्यक्रम झाले आणि त्या समाजातील या आजाराचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तेथेच काही कर्मठ समूहांनी आणखी वेगळी वाट काढली: तरुणांना फक्त एक क्रमांक द्यायचा आणि स्थळ पाहताना दोन क्रमांक जुळतात की नाही एवढेच सांगायचे, जेणेकरून कोणावरही वाहक म्हणून शिक्का बसू नये.

याच काळात अमेरिकेत सिकलसेलची तपासणी मात्र घाईने आणि अर्धवट समजुतीवर राबवली गेली. 1970 च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ती कायद्याने सक्तीची केली. समुपदेशनाची सोय नव्हती आणि वाहक असणे व आजारी असणे यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाही नीट उमगलेला नव्हता. परिणामी निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले, आणि अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे तर वाहकांना 1981 पर्यंत बंद होते. रक्ताची चाचणी बरोबर होती. तिच्याभोवतीची व्यवस्था चुकीची होती, आणि मुळात ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जात होते, त्याच्या माथी आणखी एक दोष मारला गेला. सायप्रसच्या यशावरही आक्षेप आहेत आणि ते मला गैरलागू वाटत नाहीत. विवाहासाठी प्रमाणपत्र अनिवार्य असेल तर संमती कितपत मोकळी, आणि आजारी बालके जन्मालाच न येणे हेच यशाचे माप धरले तर आज त्या आजारासह जगणाऱ्या माणसांना आपण काय सांगत असतो, याचे उत्तर आकडेवारी देत नाही.

ज्यावर उपचार नाही अशा आजाराचे भाकीत करणारी चाचणी हा प्रकार मला व्यक्तिशः सर्वांत अवघड वाटतो. मेंदूची हळूहळू झीज करणाऱ्या हंटिंग्टन आजाराचे जनुक 1993 मध्ये सापडले. चौथ्या गुणसूत्रावर डीएनएच्या तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो; तो 40 किंवा अधिक वेळा आला तर माणूस पुरेसे जगल्यास आजार होतोच, आणि आज तरी तो थांबवणारे औषध नाही. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. तरीही चाचणी उपलब्ध असताना धोक्यातील बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण न जाणण्याचा हक्क हाही हक्कच आहे. डीएनएच्या रचनेच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या जेम्स वॉटसन यांनी 2007 मध्ये स्वतःचा संपूर्ण जनुकीय आराखडा जाहीर केला, तेव्हा अल्झायमरच्या धोक्याशी संबंधित एक जनुक त्यांनी त्यातून वगळायला लावले होते.

हा हक्क पाळणे कुटुंबात मात्र फार कठीण जाते. आजोबांना हंटिंग्टन होता, आईने चाचणी करायची नाही असे ठरवले आहे आणि पंचविशीतल्या मुलाला लग्नापूर्वी स्वतःचे जाणून घ्यायचे आहे, अशी कल्पना करा. मुलाचा निकाल दोषयुक्त आला तर आईचाही निकाल त्याच क्षणी लागला, तिने कधीही विचारले नसताना. याच्या उलट बाजूचा एक खटला लंडनच्या उच्च न्यायालयात 2020 मध्ये निकाली निघाला. वडिलांना हंटिंग्टन असल्याचे डॉक्टरांना माहीत होते, मुलगी गरोदर होती आणि वडिलांनी तिला सांगण्यास नकार दिला होता. बाळंतपणानंतर तिला ते कळले आणि पुढे तिच्यातही तो दोष निघाला. न्यायालयाने तिचा दावा फेटाळला, पण रुग्णाची गोपनीयता आणि नातेवाइकाचे हित यांचा तोल पाहण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर असू शकते, हे मान्य केले. माझ्या मते या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. नमुना देण्यापूर्वीच कुटुंबात कोणाला काय सांगायचे हे ठरवलेले असणे, एवढेच हातात आहे.

विमा आणि माहितीची सुरक्षितता याविषयी आपली भीती अनाठायी नाही. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली, परंतु आयुर्विमा व अपंगत्वाचा विमा त्याच्या बाहेरच राहिले; कॅनडाचा 2017 चा कायदा त्याहून व्यापक आहे. म्हणून आपण जेथे राहता तेथील नियम चाचणीपूर्वी तपासावेत, नंतर नव्हे. नमुन्याचे पुढे काय होते हेही विचारावे: टेक्सास राज्यात नवजात बालकांचे रक्तनमुने पालकांना न विचारता साठवल्याबद्दल पालकांनी दावा लावला आणि तडजोडीत पन्नास लाखांहून अधिक नमुने नष्ट करावे लागले.

अहवालातील एका वाक्याची आणखी तयारी ठेवा. जनुकात बदल आढळला, पण त्याचा अर्थ निश्चित नाही, असे बऱ्याचदा लिहून येते. अशा बदलांपैकी बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात, म्हणून केवळ त्याच्या आधारावर शस्त्रक्रिया करू नये. जनुकीय माहितीचे साठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर उभे असल्याने इतरांच्या वाट्याला अशी अनिश्चितता जास्त येते. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात कृष्णवर्णीय रुग्णांचे काही निरुपद्रवी बदल घातक म्हणून नोंदवले गेले होते, असे 2016 मधील एका अभ्यासात दिसून आले.

आता आपल्या घराविषयी. वडिलांकडच्या नात्यात आजार आहे म्हणजे आपल्याला धोका नाही, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. बीआरसीए 1 आणि बीआरसीए 2 या, स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांतील दोष वडिलांकडूनही निम्म्या शक्यतेने येतो, आणि पुरुषांमध्ये तो प्रोस्टेटच्या, क्वचित स्तनाच्याही कर्करोगाचा धोका वाढवतो. दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 70 टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए 1 मध्ये 44 टक्क्यांच्या आसपास आणि बीआरसीए 2 मध्ये 17 टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. हंटिंग्टनहून हे वेगळे आहे, कारण येथे करण्याजोगे पुष्कळ असते: तरुण वयापासून एमआरआयने नियमित पाहणी, ठरावीक वयानंतर अंडाशय काढणे, कोणी निवडल्यास स्तन काढण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया. निकाल कळण्याला म्हणूनच येथे खरा अर्थ आहे.

मात्र घरातल्या सगळ्यांनी एकदम लाळेचे नमुने पाठवू नयेत. थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या ज्या चाचणीला अमेरिकी नियामकाने 2018 मध्ये परवानगी दिली, ती या दोन जनुकांतील केवळ तीन बदल पाहत होती, आणि तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील वंशाच्या, ज्यूंमध्ये आढळणारे. ज्ञात घातक बदल हजारोंनी आहेत. तशा चाचणीत काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. आपण पाहिलेली चाचणी शेकडो जनुकांची असली तरी प्रत्येक जनुक ती पूर्ण वाचते की निवडक जागाच पाहते, हे लेखी विचारून घ्या. त्याहून योग्य क्रम असा: प्रथम आत्येबहिणीची तपासणी व्हावी, तीही समुपदेशक आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत, दोन्ही जनुकांचे संपूर्ण वाचन करून. तिच्यात घातक बदल सापडला तर आपल्या वडिलांची त्याच एका बदलासाठी तपासणी पुरेशी होते आणि ते त्यातून सुटले तर त्या बदलापुरते आपण भावंडेही सुटता. तो निकाल तिच्या स्वतःच्या उपचारालाही उपयोगी पडू शकतो, कारण काही औषधे या दोषाच्या गाठींवरच विशेष परिणाम करतात. घरातल्या अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी आता करू नये. या आजारासाठी त्या वयात करण्याजोगे काही नसते आणि निर्णय त्यांचा त्यांना घेता आला पाहिजे.

आत्येबहीण उपचारांनी थकलेली असेल आणि तिने नकार दिला तर तो मान्य करावा, आग्रह धरू नये. अशा वेळी पुढचा पर्याय आपल्या वडिलांची संपूर्ण तपासणी हा आहे. त्यांच्यात घातक बदल निघाला तर पुढची वाट स्पष्ट आहे. काही न निघाल्यास मात्र दोन शक्यता उरतात: आत्येकडचा दोष त्यांच्यात आलाच नाही, किंवा कुटुंबातील दोष या चाचणीला न दिसणाऱ्या ठिकाणी आहे. त्यामुळे तो अहवाल स्वच्छ असला तरी आपली आणि आपल्या बहिणींची स्तनतपासणी किती वेळा व्हावी, हे कौटुंबिक इतिहासावरूनच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.