केटामाइनच्या सलाईनने जुनं डिप्रेशन खरंच हटतं का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत तीन वेगवेगळ्या गोळ्या घेऊन झाल्या, एकही धड लागू पडली नाही, आणि आता डॉक्टर केटामाइनची सलाईन देऊन बघू म्हणतात. तुमचे प्रश्न तीन आहेत: पार्टीत नशेसाठी घेतात ते हेच का, भुलीचं औषध मनाच्या आजारावर कसं चालेल, आणि घेतल्यावर माणूस पूर्वीसारखा होतो का. मी डॉक्टर नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होते. तीन आठवड्यांत सहा सलाईन घेतल्या, नंतरही अधूनमधून घेतल्या. त्यामुळे जे वाचलं आणि जे स्वतः अनुभवलं, ते दोन्ही सांगते.

त्याआधी एक. मरणाचे विचार येत असतील तर सलाईनच्या तारखेची वाट बघत बसू नका. घरातल्या एका माणसाला आजच स्पष्ट शब्दांत सांगा, डॉक्टरांना फोन करा, फोन लागला नाही तर सरळ इमर्जन्सीत जा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आता पहिला प्रश्न. हो, रसायन तेच. १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणाऱ्या केल्विन स्टीव्हन्स यांनी ते बनवलं, १९७० मध्ये अमेरिकेत भुलीचं औषध म्हणून मंजूर झालं आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर भरपूर वापरलं गेलं. कारण असं की या भुलीत माणूस सहसा स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतो आणि रक्तदाब कोसळत नाही. जिथे मोठी यंत्रं नसतात तिथे हे फार मोलाचं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे 'नशेचं औषध दवाखान्यात आणलं' असं झालेलं नाही. दवाखान्यातलं औषध नशेसाठी बाहेर गेलं. माझ्या आईला हे समजावताना मला दोन दिवस लागले होते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

मात्र भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. अभिनेते मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेले, त्याचं मुख्य कारण शवविच्छेदनात केटामाइनचा तीव्र परिणाम असंच नोंदवलं गेलं. ते डिप्रेशनसाठी सलाईनही घेत होते. पण शेवटची सलाईन आठवडाभराहून आधीची होती, आणि शरीरात सापडलेलं औषध त्या उपचारातलं असणं शक्य नाही असं तपासणी करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतलेलं औषध आणि शेजारी माणूस बसवून मोजून दिलेलं औषध यातला फरक तिथे दिसतो.

डिप्रेशनसाठीचा नेहमीचा डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत सावकाश. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५ मिलिग्रॅम. शिरेतून भूल देताना किलोमागे साधारण एक ते दोन मिलिग्रॅम थोडक्या वेळात देतात. तेव्हा तुम्हाला झोपवून टाकणार नाहीत. तुम्ही जागे असाल.

हा डोस आला कुठून? २००० साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अवघ्या सात रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून. सात म्हणजे काहीच नाही. पण त्यातल्या काहींना तीन दिवसांच्या आत उतार पडला, आणि जिथे गोळ्यांना चार-सहा आठवडे लागतात तिथे हे अजबच होतं. मग २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झाराटे आणि सहकाऱ्यांनी अठरा रुग्णांवर तेच करून पाहिलं. हे सगळे आधीच्या औषधांनी बरे न झालेले होते. चोवीस तासांत ७१ टक्के लोकांचा त्रास निम्म्यावर किंवा त्याखाली आला. याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र लोक सांगत नाहीत, आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो: आठवडाभर टिकलं ते फक्त ३५ टक्क्यांचं.

भुलीचं औषध मनावर कसं चालतं, याचं माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं उत्तर असं. मेंदूत ग्लुटामेट नावाचा निरोप्या असतो. नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन वगैरेंवर काम करतात, केटामाइन ग्लुटामेटच्या एका कुलपावर, एनएमडीए रिसेप्टरवर, जाऊन बसतं. त्यानंतर पेशींमध्ये जी साखळी सुरू होते त्यात बीडीएनएफ नावाचं पेशींना वाढायला मदत करणारं प्रथिन वाढतं. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात एका दिवसात मज्जापेशींचे नवे सांधे वाढलेले दिसले. औषध स्वतः शरीरातून लवकर निघून जातं, दोन-तीन तासांत अर्धं उतरतं, पण गुण मात्र दिवसेंदिवस राहतो, तो बहुधा या नव्या सांध्यांमुळे. पण ही कथा पूर्ण नाही. मेमँटिन नावाचं स्मृतिभ्रंशाचं औषधही त्याच कुलपावर बसतं आणि डिप्रेशनला त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा कुणी छातीठोकपणे सगळं समजावून सांगत असेल तर जरा सावध राहा.

आकड्यांबद्दलही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात एका गटाला केटामाइन आणि दुसऱ्याला गुंगी आणणारं मिडाझोलाम दिलं, म्हणजे आपल्याला काय मिळालं हे सहज ओळखू येऊ नये. एका दिवसानंतर गुण आलेले लोक ६४ टक्के विरुद्ध २८ टक्के, असा चांगलाच फरक पडला. पण स्टॅनफर्डमध्ये ऑपरेशनसाठी पूर्ण भुलीखाली असलेल्या डिप्रेशनच्या ४० रुग्णांना केटामाइन किंवा नुसतं सलाईनचं पाणी दिलं, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. शॉक ट्रीटमेंटशी, म्हणजे ईसीटीशी, तुलनाही दोन्हीकडे झुकते: २०२३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात केटामाइनचा गुण ५५ टक्के लोकांना आणि ईसीटीचा ४१ टक्के लोकांना आला, तर त्याआधी स्वीडनमधल्या अभ्यासात ईसीटी सरस ठरलं होतं. मला ईसीटीची फार भीती होती म्हणून मी हे निवडलं. पण भास किंवा भ्रम असलेल्या डिप्रेशनला ईसीटीच उत्तम मानतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते सुचवलं तर नुसत्या नावाला घाबरून नाही म्हणू नका.

आता त्या ४० मिनिटांबद्दल. खोलीतला दिवा मंद करतात. एका हाताच्या शिरेत सुई, दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. सिरिंज पंपाचा बारीक आवाज. सात-आठ मिनिटांनी ओठ बधिर झाले, मग भिंत आणि छत जिथे मिळतात तो कोपरा लांब जायला लागला. माझा हात माझा आहे हे कळत होतं, पण तो हलवायचा कुणी हे सुचत नव्हतं. दर दहा मिनिटांनी पट्टा आपोआप फुगायचा आणि दंड आवळायचा, आणि तेवढ्यानं मी खोलीत परत यायचे. पहिल्या वेळी मी घाबरले. नर्सला म्हणाले, 'मी कुठे आहे?' तिनं मनगटावर हात ठेवून सांगितलं, 'इथेच आहात, अजून अठरा मिनिटं.' तो आकडा ऐकून मला जो धीर आला तो दुसऱ्या कशानं आला नसता. तुम्हीही आधीच सांगून ठेवा की मधूनमधून मला वेळ सांगत राहा. काहींना मळमळतं, बहुतेकांचा रक्तदाब थोडा वेळ चढतो. पंप थांबल्यावर साधारण तासाभरात माणूस ताळ्यावर येतो, तरी त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, आणि घरी न्यायला कुणीतरी हवंच.

लोक या अनुभवाबद्दलच फार विचारतात. रंग दिसतात का, देव दिसतो का. माझं मत विचाराल तर लक्ष तिथे नकोच, ते पुढच्या दिवसांवर हवं.

पहिल्या दोन सलाईनींनी मला काहीही झालं नाही. दुसरीनंतर घरी येऊन मी रडले, कारण आता याच्यापुढे काही उरलं नाही असं वाटलं. तिसरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आले, ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि त्याचे कोपरे ओढून सरळ केले. मग तिथेच उभी राहिले. कित्येक महिने तो टॉवेल खुर्चीवर पडून कुबट व्हायचा आणि मला तो दिसायचा, पण उचलण्याआधी मनाशी अर्धा तास झगडावं लागायचं आणि बहुतेक वेळा मी हरायचे. त्या दिवशी झगडा झालाच नाही. आनंद वगैरे नव्हता. फक्त छातीवरचं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून ठेवलं होतं.

तुम्हाला मला खरं सांगायचंय ते हेच. ही उघडीप असते. संततधार पावसात चार दिवस ऊन पडतं तशी. पाऊस संपला असं समजून जो बसून राहतो त्याची सगळी कामं राहून जातात. मी पहिल्यांदा तेच केलं. सहाव्या सलाईननंतर मी बरी झाले असं धरून चालले, समुपदेशकाची वेळ दोनदा पुढे ढकलली, झोपेचं वेळापत्रक सोडलं. बाराव्या दिवशी सकाळी उठले तर सगळं पुन्हा राखाडी. तो दिवस आजाराच्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जड गेला, कारण त्याआधी उजेड बघितला होता. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षित होतं, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक अशी पुढची आखणी केली. त्या वेळी मात्र मी सलाईनच्या दुसऱ्या दिवशीच समुपदेशनाची वेळ घेतली, रोज ठरलेल्या वेळी चालायला जाऊ लागले, आणि ज्या मैत्रिणीचे फोन वर्षभर उचलले नव्हते तिला स्वतः फोन केला. गोळी चालूच ठेवली. हळूहळू अंतर वाढत गेलं.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टीही सांगते. आधीच्या गोळ्या खरोखर पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेतल्या होत्या का? कमीत कमी दोन औषधं अशी नीट घेऊनही गुण आला नसेल, तरच सहसा याला 'औषधांना दाद न देणारं डिप्रेशन' म्हणतात. थायरॉइड तपासलं का? आजार बायपोलर तर नाही ना? ताब्यात नसलेला रक्तदाब, रक्तवाहिनीला फुगवटा, पूर्वी कधी मनोविकृतीचा झटका, व्यसन, गर्भारपण, यातलं काहीही असेल तर लपवू नका. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यातल्या काही याचा परिणाम बोथट करतात असं दिसतं. पण स्वतःहून बंद करू नका. पुढे लघवीला जळजळ व्हायला लागली किंवा सारखं जावंसं वाटलं तर लगेच बोला. जास्त प्रमाणात, वारंवार केटामाइन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला इजा होते हे पक्कं ठाऊक आहे.

आणि जागा पारखून घ्या. मी आधी जिथे गेले होते तिथे रक्तदाब मोजण्याआधी दहा सलाईनींचं पॅकेज समोर ठेवलं होतं, आणि मानसोपचारतज्ज्ञ कोण बघणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मी उठून आले. श्वास आणि हृदय सांभाळू शकणारा माणूस खोलीत हवा, आणि तुमचा आजार ओळखणारा मानसोपचारतज्ज्ञ मागे हवा. घरी पाठवलेल्या केटामाइनच्या गोळ्या किंवा फवारे घेऊ नका, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये त्याबद्दल इशाराच दिला आहे. केटामाइनचंच एक रूप असलेल्या एस्केटामाइनचा नाकात मारायचा फवारा २०१९ मध्ये तिथे मंजूर झाला, तोसुद्धा दवाखान्यात बसूनच घ्यायचा आणि नंतर निदान दोन तास थांबायचं. सलाईनला डिप्रेशनसाठी तशी मंजुरी नाही. भुलीसाठी मंजूर असलेलं औषध डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वापरतात. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं, वाचून सही करा.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला. पूर्वीसारखी झाले का? मला शेवटची सलाईन घेऊन आठ महिने झाले. गोळी चालू आहे, समुपदेशन महिन्यातून एकदा. वाईट दिवस येतात, पण येऊन जातात. आजाराआधीची मी कशी होते ते मला नीट आठवतही नाही, म्हणून तुलना करायचं सोडून दिलंय. मी वहीत एवढंच लिहायचे: आज आंघोळ केली का, कुणाशी बोलले का, किती तास झोपले. पहिल्या सलाईनच्या आठवडाभर आधीपासून तुम्हीही अशी वही ठेवा. गुण येतोय की नाही हे आपल्याला आतून उशिरा कळतं, वहीत आधी दिसतं.